कॅन्सरच्या आधीची वर्षं

[दृश्य: जुन्या रुग्णालयाचा लांब व्हरांडा, कृष्णधवल]

न्यूझीलंडमधलं ऑकलंड. १९६६ साली इथल्या स्त्रियांच्या मोठ्या रुग्णालयात एका अभ्यासाला मंजुरी मिळाली. ज्या बायकांच्या गर्भाशयमुखावरच्या पेशी खूप बिघडल्या आहेत, पण कॅन्सर झालेला नाही, त्यांच्यावर पूर्ण उपचार करायचे नाहीत, नुसतं लक्ष ठेवायचं. हा बिघाड कॅन्सरपर्यंत जातच नाही, अशी अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांची पक्की धारणा होती. बायका बोलावलं की यायच्या, तपासून घ्यायच्या, घरी जायच्या. आपण कुठल्या अभ्यासात आहोत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

१९८७ मध्ये दोन स्त्रियांनी एका मासिकात हे प्रकरण उघड केलं आणि न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. पुढे त्या जुन्या नोंदी संशोधकांनी पुन्हा नीट तपासल्या. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बिघाड गंभीर असूनही ज्यांच्यावर पुरेसे उपचार झाले नाहीत, त्यांच्यातल्या सुमारे ३१ टक्के स्त्रियांना ३० वर्षांत कॅन्सर झाला. ज्यांच्यावर व्यवस्थित उपचार झाले, त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं.

असा अभ्यास पुन्हा कुणी करणार नाही, करूही नये. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथल्या नोंदींतून स्पष्ट झाली. हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. त्याच्या आधी एक अवस्था असते, ती वर्षानुवर्षं टिकते, आणि त्या अवस्थेत तो जवळजवळ पूर्णपणे रोखता येतो. तपासणीचं सगळं शास्त्र या मधल्या वर्षांवर उभं आहे.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी]

बिघाड सुरू कोण करतं, हे कळायला मात्र बराच काळ गेला. १९७०च्या दशकात बहुतेकांचा संशय नागिणीच्या कुळातल्या, हर्पिस नावाच्या विषाणूवर होता. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना ते पटत नव्हतं. त्यांनी चामखीळ आणणाऱ्या विषाणूंचा माग काढला. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. १९८३ मध्ये त्यांच्या गटाला कॅन्सरच्या गाठीत या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार सापडला, पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा. जगभरातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के या दोघांमुळेच होतात. २००८ मध्ये त्सुर हाउझेन यांना नोबेल मिळालं.

गंमत म्हणजे पुरावा प्रयोगशाळांमध्ये आधीपासून पडून होता. १९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतून काढलेल्या पेशी जगभर वाढवल्या जात होत्या. त्या पेशींमध्ये एचपीव्ही १८ होता, आणि तीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. पेशी घेताना लॅक्स यांनाही कुणी विचारलं नव्हतं. या आजाराच्या इतिहासात न विचारता घेतलेलं बरंच काही आहे.

एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. बहुतेक निरुपद्रवी. कॅन्सरशी संबंध असलेले साधारण चौदा, आणि एचपीव्ही चाचणी शोधते ते हेच. गर्भाशयमुखावर बाहेरच्या चपट्या पेशी आणि आतल्या उभट पेशी जिथे भेटतात, तो पट्टा विषाणूला सोयीचा. पेशीच्या वाढीला आवर घालणारी प्रथिनं तो निकामी करतो. मग बिघडलेली पेशी थांबत नाही, तिच्यापासून तशाच पेशी तयार होत राहतात.

पण हे सगळ्यांच्या बाबतीत होत नाही. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू गाठतोच. दहापैकी साधारण नऊ जणींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत दिसेनासा होतो. औषध नाही, लक्षण नाही, तिला पत्ताही लागत नाही. उरलेल्या थोड्या जणींमध्ये तो मुक्काम करतो. तिथून कॅन्सरपर्यंत जायला सहसा १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्हीवर उपचार सुरू नसतील किंवा प्रतिकारशक्ती फार खालावली असेल, तर हीच वाट ५ ते १० वर्षांत संपू शकते.

[दृश्य: काचपट्टी, ब्रश, नमुन्याची बाटली]

मग शोधायचं काय? बिघडलेली पेशी, की बिघडवणारा विषाणू?

पहिला मार्ग जुना. ग्रीसहून न्यूयॉर्कला गेलेले डॉक्टर जॉर्ज पापानिकोलाऊ योनीतल्या पेशी काचपट्टीवर घेऊन त्यांचा अभ्यास करत होते. कित्येक वर्षं त्यांना नमुने देत होती त्यांची पत्नी अँड्रोमाखी. कॅन्सरच्या पेशी अशा काचपट्टीवर ओळखता येतात, हे १९२८ मध्ये त्यांनी मांडलं तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९४०च्या दशकात घेतलं. त्यांच्याच नावावरून तिला पॅप चाचणी म्हणतात. जिथे ती नेमाने, दर काही वर्षांनी, चांगल्या प्रयोगशाळेत होत राहिली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू झपाट्याने घटले. तिची अडचणही त्यातच आहे. एका वेळच्या पॅपमध्ये बरंच निसटतं. ती पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि हजारो पेशींतून नेमकी वेडीवाकडी पेशी टिपणारी तयार नजर लागते.

दुसरा मार्ग त्याहून साधा. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरचं पाणी लावायचं. बिघडलेला भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. उत्तर तिथेच मिळतं, पण ते बघणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून. शिवाय पाळी गेल्यावर तो पेशींचा पट्टा आत सरकतो आणि नीट दिसतच नाही.

एचपीव्ही चाचणीत कुणाच्या नजरेची परीक्षा नसते. यंत्र नमुन्यातलं विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधतं. आहे किंवा नाही.

या तिन्ही मार्गांची समोरासमोर तुलना झाली ती महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात. ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त स्त्रिया, खेड्यापाड्यांतल्या. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा होता. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही चाचणी मिळालेल्या गटात, आठ वर्षांत, या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. एकदाच केलेल्या पॅपने किंवा व्हिनेगरच्या तपासणीने असा ठळक फरक पडला नाही.

पण मला त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. चाचणी निगेटिव्ह आलेल्या स्त्रियांना पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण एचपीव्हीच्या गटात इतर दोन गटांच्या साधारण एक चतुर्थांश होतं. या चाचणीची खरी ताकद तिच्या ‘नाही’मध्ये आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते, की वयाच्या तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी ही चाचणी पुरते. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांनी पंचविशीपासून, दर ३ ते ५ वर्षांनी. संघटनेने २०२० मध्ये जगापुढे ठेवलेलं लक्ष्य तर अगदीच माफक आहे. २०३० पर्यंत ७० टक्के स्त्रियांची अशी तपासणी पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत पुन्हा एकदा व्हावी. आयुष्यात दोनदा.

तिशीच्या आत का नाही? त्या वयात विषाणू बऱ्याच जणींमध्ये सापडतो आणि आपोआप जातोही. उगाच धास्ती, उगाच उपचार. काही उपचारांत गर्भाशयमुखाचा भाग कापून काढावा लागतो, आणि तो मोठा असेल तर पुढच्या गरोदरपणात बाळंतपण वेळेआधी होण्याची शक्यता थोडी वाढते.

[दृश्य: रिपोर्ट धरलेले हात]

आता ‘पॉझिटिव्ह’. हा शब्द वाचून पहिला विचार येतो कॅन्सरचा. दुसरा, बोलून न दाखवलेला, नवऱ्याचा. किंवा नवऱ्याच्या मनात बायकोचा.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. चाचणी कॅन्सर दाखवत नाही, विषाणू दाखवते. पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेक जणींना कॅन्सर नसतो, पुढे होणारही नसतो. दुसऱ्याचं उत्तर डॉक्टरांनी स्वतःहून द्यायला हवं, कारण बाई विचारणार नाही. विषाणू कधी आला, कुणाकडून आला, हे कुठलीच चाचणी सांगू शकत नाही. तो वर्षानुवर्षं दबून राहून मग दिसू शकतो. आजच्या रिपोर्टवरून कालच्या वागण्याचा हिशेब मांडता येत नाही. घरोघरी या एका कागदावरून जे संशय पोसले जातात, त्यांना वैद्यकशास्त्रात काडीचा आधार नाही.

पुढचं पाऊल विषाणूच्या प्रकारावर ठरतं. १६ किंवा १८ असेल, तर अनेक ठिकाणी थेट कॉल्पोस्कोपी करतात, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख पाहणं. इतर प्रकार असतील, तर आधी पेशींची तपासणी. संशय आला तर छोटा तुकडा काढून बायोप्सी. कॅन्सरपूर्व बदल सापडलेच, तर तो भाग उष्णता देऊन नष्ट करतात, गोठवतात, किंवा तारेच्या वेटोळ्याने कापून काढतात. बहुतेक वेळा पोटावर छेद नाही, गर्भपिशवी काढायची गरज नाही, त्याच दिवशी घरी. काहीच सापडलं नाही, तर ठरलेल्या मुदतीने पुन्हा चाचणी. ही मुदत पाळणं मात्र गरजेचं. रिपोर्ट घेऊन गेलेली बाई परत आलीच नाही, तर चाचणी झाली काय आणि न झाली काय, सारखंच.

[दृश्य: मऊ टोकाची काडी, बंद नळी]

तपासणी टाळण्यामागे बऱ्याचदा संकोच असतो. त्यावर आता चांगला तोडगा आहे. नमुना स्त्री स्वतः घेऊ शकते. मऊ टोकाची काडी योनीत घालून फिरवायची, नळीत बंद करायची, द्यायची. पीसीआर, म्हणजे जनुकीय द्रव्याच्या प्रती वाढवून विषाणू शोधण्याच्या पद्धतीची चाचणी असेल, तर असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा ठरतो. पॅप मात्र अशी घरी करता येत नाही. त्यासाठी गर्भाशयमुखावरच्याच पेशी लागतात. आणि स्वतः घेतलेला नमुना पॉझिटिव्ह आला, तर पुढची तपासणी करायला जावंच लागतं.

एचपीव्हीची लस घेतलेल्यांनीही चाचणी करायची. लस पुढचा संसर्ग रोखते, आधीच शिरलेला विषाणू घालवत नाही, आणि सगळे प्रकार तिच्यात येत नाहीत.

एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. इथवर जे सांगितलं ते कसलाही त्रास नसलेल्या स्त्रियांसाठी. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात असेल, शरीरसंबंधानंतर जात असेल, पाळी गेल्यावर पुन्हा दिसलं असेल, अंगावरून वास येणारं पाणी जात असेल, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही. अशा वेळी सहा महिन्यांपूर्वीचा निगेटिव्ह रिपोर्ट हातात असला, तरी डॉक्टरांकडून आतून तपासून घ्यायचं.