स्वस्तातला राक्षस: तो कसा बनतो आणि कुठे उघडा पडतो

नमस्कार. सुरुवात एका पक्ष्यापासून करू. १९५७ साली कोलंबिया या अमेरिकन स्टुडिओने ‘द जायंट क्लॉ’ नावाचा सिनेमा आणला. त्यात बराच वेळ पक्षी नीट दिसतच नाही. एक धूसर आकार सर्रकन जातो आणि युद्धनौकेएवढं काहीतरी आकाशातून गेलं, असं वैमानिक, शास्त्रज्ञ, लष्करी अधिकारी पुन्हा पुन्हा सांगतात. जेफ मॉरो नायक आहेत आणि ते अगदी मनापासून काम करतात. मग पक्षी समोर येतो. लांब सुरकुतलेली मान, बटबटीत डोळे, फेंदारलेल्या नाकपुड्या, डोक्यावर केसांचा झुबका. निर्माते सॅम कॅट्झमन यांनी ही दोऱ्यांवरची बाहुली मेक्सिको सिटीत करून घेतली होती. चित्रीकरणाच्या वेळी नटांना ती दाखवलीच नव्हती. मॉरोंनी ती पहिल्यांदा पाहिली आपल्या गावच्या थिएटरात, भोवतालचे लोक हसायला लागले तेव्हा. खेळ संपायच्या आतच ते तिथून निघून गेले.

हा प्रसंग त्यांनी स्वतःच पुढे सांगितला आहे, आणि आजच्या विषयाचं मर्म त्यात आहे. आपल्याला हसू येतं कारण माणसांनी जीव ओतून केलेलं काम आणि दोऱ्यांवर लोंबकळणारी बाहुली एकाच चौकटीत बसवलेली असतात. असे स्वस्तातले राक्षसपट ‘वाईट’ म्हणून बाजूला सारणारे आणि ‘वाईट म्हणूनच मजा’ म्हणणारे, दोघांकडूनही एक प्रश्न विचारायचा राहून जातो: ही चूक नेमकी कुठल्या टप्प्यावर झाली? तो विचारला की जवळजवळ प्रत्येक हशामागे कामाच्या पद्धतीतलं आणि पैशातलं कारण सापडतं. ती कारणं कळली की मजा वाढते, असं माझं ठाम मत आहे.

आधी पैसा. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्याचा निकाल दिला आणि मोठ्या स्टुडिओंना आपली थिएटरं सोडावी लागली. घरचं थिएटर गेल्यावर जोडीला दाखवायचे छोटे सिनेमे काढणं त्यांना परवडेना. थिएटरांना मात्र एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायची सवय होती. शिवाय गाडीत बसून पाहायची ड्राइव्ह-इन थिएटरं १९५० च्या दशकाच्या शेवटी चार हजारांवर गेली आणि तिथला प्रेक्षक तरुण होता. ही पोकळी जेम्स निकल्सन आणि सॅम्युअल आर्कॉफ यांच्या अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्सने, म्हणजे एआयपीने, ओळखली. जोडीतल्या दुसऱ्या सिनेमाला ठरावीक भाडं मिळे, तिकीटविक्रीतली टक्केवारी मुख्य सिनेमाला. तेव्हा जोडीतले दोन्ही सिनेमे आपलेच द्यायचे म्हणजे टक्केवारीही आपली, हा त्यांचा हिशेब.

निकल्सन आधी नाव ठरवत, मग पोस्टर काढून घेत, पटकथा त्यानंतर. पोस्टरवरचा राक्षस चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरलेला असे, त्याला खर्च कागद-रंगाचा. पडद्यावरचा मात्र कोणालातरी हातांनी बनवावा लागे. १९५५ च्या ‘द बीस्ट विथ अ मिलियन आइज’मध्ये नावात दहा लाख डोळे आहेत, पण मूळ कथेतला परग्रहवासी दुसऱ्यांच्या मनात शिरणारा, अदृश्य. वितरकांना राक्षस हवा होता. शेवटी पॉल ब्लेझडेल या चित्रकाराने अंदाजे चारशे डॉलरमध्ये जेमतेम दीड फुटाची बाहुली करून दिली.

ब्लेझडेल यांच्यापाशी थोडं थांबायला हवं. एआयपीच्या त्या काळातल्या कितीतरी राक्षसांमागे हा माणूस आणि त्यांच्या पत्नी जॅकी आहेत. टोपांगा कॅन्यनमधल्या घरात दोघं सोंगं तयार करत आणि बहुतेकदा ब्लेझडेल स्वतःच ती घालून उभे राहत. त्यांची पद्धत समजून घ्या. स्टुडिओच्या मोठ्या प्रयोगशाळेत नटाच्या अंगाचा प्लास्टरचा साचा घेतात, त्यावर मातीकाम करतात, मग फेटलेलं लेटेक्स, म्हणजे पातळ रबर, साच्यात ओतून मंद भट्टीत काही तास भाजतात. असं कातडं अंगाबरोबर वळतं. ब्लेझडेल यांना ना तेवढा वेळ होता, ना भट्टी. थंडीत घालायचे अंगभर आतले कपडे घ्यायचे, त्यावर फोमचे तुकडे रबर सोल्युशनने एकेक चिकटवायचे, वरून पातळ लेटेक्सचा हात द्यायचा आणि रंगवायचं.

या पद्धतीत काय बिघडतं ते ठरलेलं आहे. तुकड्यांचे सांधे कोपराशी आणि गुडघ्याशी उघडतात, म्हणून राक्षस हात फार वाकवत नाही. पाठीला चेन असते, म्हणून तो कॅमेऱ्याकडे पाठ करत नाही. नटाचे डोळे राक्षसाच्या डोळ्यांच्या पातळीवर येत नाहीत, म्हणून बाहेर बघायला तोंडात किंवा मानेत फट ठेवतात. त्याला पायाखालची जमीन दिसत नाही. राक्षस इतका सावकाश का चालतो, त्याचं उत्तर हे आहे. आणि फोम पाणी पितो. पावसाचं दृश्य आलं की सोंगाचं वजन वाढत जातं आणि आतला माणूस दमतो. पाण्यातल्या दृश्यांची अडचण वेगळी. १९५९ च्या ‘अटॅक ऑफ द जायंट लीचेस’मध्ये जळवांच्या सोंगाखालून पाणबुड्याच्या हवेच्या टाक्यांचा आकार स्पष्ट दिसतो.

१९५६ च्या ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’मधला शुक्रवासी हे ब्लेझडेल यांचं सगळ्यात प्रसिद्ध काम. शुक्रावर गुरुत्वाकर्षण जबरदस्त असेल असं गृहीत धरून प्राणी बुटका, खाली पसरट आणि वर निमुळता केला. वास्तविक शुक्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीपेक्षा किंचित कमी आहे, पण विचार करून आकार ठरवला होता हे महत्त्वाचं. अभिनेत्री बेव्हर्ली गारलँड उभ्या राहिल्या तर त्या त्याच्यापेक्षा उंच दिसत! त्यांनी खिल्ली उडवल्यावर दिग्दर्शक रॉजर कॉर्मन यांनी डोक्याकडून उंची वाढवून घेतली. तरी खरा घात झाला तो उजेडाने. हा प्राणी गुहेच्या अंधारासाठी बनवला होता. शेवटच्या प्रसंगात तो गुहेबाहेर, हॉलिवूडजवळच्या ब्रॉन्सन कॅन्यनच्या भर उन्हात आणला गेला. अंधारात जो फोम कातडीसारखा दिसला असता तो उन्हात फोमच दिसला. इथे चूक सोंग बनवणाऱ्याची मुळीच नाही. जे एका उजेडासाठी बनवलं ते दुसऱ्या उजेडात उभं केलं.

ब्रॉन्सन कॅन्यन म्हणजे दगडाची जुनी खाण. शहराला लागून असल्याने तिथे जायला खर्च नाही, आणि चौकटीत एकही घर येत नाही. १९५३ चा ‘रोबॉट मॉन्स्टर’ तिथलाच. दिग्दर्शक फिल टकर यांना यंत्रमानवाचं सोंग परवडेना. जॉर्ज बॅरोज या नटाकडे स्वतःचं गोरिलाचं सोंग होतं, त्यावर पाणबुड्यासारखं शिरस्त्राण चढवलं. चार दिवस चित्रीकरण, सुमारे सोळा हजार डॉलर खर्च, आणि सिनेमा त्रिमितीत! त्यातले बरेच डायनासोर १९४० च्या एका सिनेमातल्या उरलेल्या फिल्ममधले, म्हणजे कल्ले-शेपट्या चिकटवलेल्या खऱ्या मगरी आणि सरडे. संगीत मात्र एल्मर बर्नस्टीन यांचं. डोळे मिटून ऐकलंत तर फार मोठा सिनेमा चालू आहे असं वाटेल.

आता आकाराचं गणित सांगतो, कारण खेळण्यातली गाडी पडद्यावर खेळण्यातलीच का दिसते याचं उत्तर त्यात आहे. वस्तू सोळापट लहान केली तर ती पडायला लागणारा वेळ सोळापट कमी होत नाही, चौपट कमी होतो. वर्गमूळ घ्यायचं. म्हणजे एकास सोळा प्रमाणाची इमारत कोसळताना भव्य दिसायची असेल तर कॅमेरा नेहमीच्या २४ फ्रेमऐवजी (फ्रेम म्हणजे एकेक स्थिर चित्र) सेकंदाला ९६ फ्रेमवर चालवायला हवा, म्हणजे पडद्यावर कोसळणं चौपट सावकाश दिसतं. आता खर्च बघा. ३५ मिलिमीटरची फिल्म २४ फ्रेमवर मिनिटाला ९० फूट जाते, हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं पुरतं. ९६ वर तेच रीळ तीन मिनिटंही पुरत नाही. प्रत्येक फ्रेमला उजेड चौथाई मिळतो, म्हणून दिवे चौपट लागतात. शिवाय लहान वस्तू जवळून टिपताना पुढचं-मागचं सगळं स्पष्ट हवं, तर अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगातलं उजेडाचं छिद्र, आणखी बारीक करावं लागतं, म्हणजे पुन्हा दिवे. ज्याच्याकडे फिल्म मोजून आहे तो २४ वरच चालवतो, आणि पूल काडेपेटीसारखा कोसळतो. पाणी आणि आग तर वेगाने सावरली तरी पूर्ण सावरत नाहीत, कारण थेंब आणि ज्वाळा लहान करता येत नाहीत.

दिग्दर्शक बर्ट गॉर्डन यांनी १९५७ च्या ‘बिगिनिंग ऑफ द एंड’मध्ये प्रतिकृतीही टाळल्या. शिकागोच्या इमारतींचे मोठे फोटो घेतले आणि त्यांवर खरे टोळ सोडले. टोळ इमारत चढतो तोवर ठीक. त्याचा पाय इमारतीच्या कडेबाहेर गेला की तो सरळ आकाशावर चालायला लागतो. हे दृश्य मला फार आवडतं. फसलं तरी युक्ती अस्सल आहे.

आपल्याकडचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. ‘झपाटलेला’मधला, रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू बाहुलाच आहे, आणि कथेतही बाहुलाच आहे. माणसांच्या घरात बाहुल्याच्याच आकाराने वावरतो, म्हणून प्रमाणाचा हा सगळा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. मुंबईच्या रामसे बंधूंनी आणखी वेगळी वाट काढली. ‘दो गज जमीन के नीचे’साठी १९७२ मध्ये त्यांनी महाबळेश्वर गाठलं, कॅमेरा, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन भावाभावांत वाटून घेतलं. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मध्ये अख्खं सोंग शिवण्याऐवजी त्यांनी अनिरुद्ध अग्रवाल यांच्यासारखा धिप्पाड, लांबट चेहऱ्याचा माणूसच निवडला. अर्धा राक्षस तिथेच तयार झाला. रंगभूषेला उरलेलं अर्धंच करायचं होतं, आणि चेहरा हलत असल्याने तो सामरी नावाचा राक्षस आजही भीती घालतो.

काही दोष तर सिनेमा बनवणाऱ्यांचे नसतातच. दिग्दर्शक एड वुड यांच्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ला १९८० मध्ये एका पुस्तकाने सर्वांत वाईट सिनेमा ठरवलं. त्यात वरून माइक डोकावतो म्हणून लोक हसतात. पण असे सिनेमे जवळपास चौकोनी चौकटीत टिपले जात आणि थिएटरात वर-खाली झाकून रुंद दाखवले जात. दूरदर्शनसंचासाठी प्रत काढताना ते झाकण गेलं आणि माइक उघडा पडला. दिवसा टिपलेल्या रात्रीचंही तेच. उन्हात दोनेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी उजेड घेऊन चित्रण करायचं आणि लॅबने प्रत आणखी गडद काढायची, ही रीत. लॅबने ती सूचना पाळली नाही तर त्याच प्रसंगात रात्र आणि दिवस आलटून-पालटून येतात. त्यातले नट बेला लुगोसी यांचं मात्र वेगळं. ते ऑगस्ट १९५६ मध्ये वारले, त्यांची थोडीशी फिल्म हाताशी होती, आणि उरलेल्या भागात दुसरा माणूस डगला तोंडावर धरून वावरतो. हा निर्णय वुड यांचाच, आणि तो सहज कळतो.

आवाजाबद्दल थोडक्यात. टेक्सासमधल्या एल पासोचा ‘मानोस’ (१९६६) चावीच्या १६ मिलिमीटर कॅमेऱ्यावर टिपला. चावी एकदा दिली की जेमतेम ३२ सेकंद. संवाद सगळे मागाहून, मोजक्या लोकांनी भरले. म्हणून माणसं बोलण्याआधी घुटमळतात आणि वाक्य संपल्यावर नुसती उभी राहतात. त्यातल्या टॉर्गोचे गुडघे का फुगलेत हे सिनेमा सांगतच नाही. त्याला बकऱ्याच्या पायांचा दाखवायचं होतं. ‘द क्रीपिंग टेरर’मध्ये तर निवेदकच पात्रं काय बोलली ते सांगतो, आणि गालिच्यासारख्या राक्षसाच्या तोंडात माणसांना स्वतःच सरपटत शिरावं लागतं.

हल्ली मुद्दाम वाईट सिनेमे काढतात, शार्कचं वादळ वगैरे. ते मला रुचत नाहीत. तिथे फसायला काही पणालाच लावलेलं नसतं. टोळ आकाशावर चालतो तेव्हा तो इमारतीवर राहावा म्हणून कोणीतरी झटलेलं असतं.

बघायला सुरुवात करायची तर ‘द किलर श्रूज’ (१९५९) घ्या. अमेरिकेत तो स्वामित्वहक्काबाहेर आहे, सहज मिळतो. रे केलॉग यांचा हा सिनेमा. ते आधी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्समध्ये ट्रिकसीनच्या विभागाचे प्रमुख होते, म्हणजे चांगलं कसं करायचं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. डॅलसजवळ, छोट्या खर्चात, त्यांनी कुत्र्यांना केसाळ कातडी आणि सुळे लावून राक्षसी चिचुंद्र्या केल्या. लांबून धावताना ती कुत्री आहेत हे लगेच कळतं, कारण कुत्र्याची धाव लपत नाही. जवळच्या चित्रांसाठी हातात घालायची मुंडकी होती. शेवटाकडे माणसं लोखंडी पिंपं उलटी एकमेकांना बांधतात आणि आत वाकून, पावलापावलाने समुद्राकडे सरकतात. तो प्रसंग पुन्हा लावून बघा. कॅमेरा पिंपाच्या आत आहे, उजेड फटींपुरता, आणि फटीतून फक्त दात आत येतात. धाव चौकटीबाहेर, कातडीचे सांधे चौकटीबाहेर. मुंडकी तीच, खर्च तोच, आणि इथे ती चालून जातात.