चित्ता पळत नसतो तेव्हा

पत्रिकेत विषय छापलाय 'धावत्या चित्त्याचं छायाचित्रण'. तिकडे येतोच. कोल्हापुरात एक बरं असतं, चित्ता म्हणजे बिबट्या नव्हे हे सांगण्यात पहिली दहा मिनिटं जात नाहीत. तुमच्या संस्थानात चित्ते पाळलेले, डोळ्यांवर पट्टी बांधून माळावर नेलेले, काळविटांवर सोडलेले. पेपरवाल्यांना मात्र कुणीतरी कळवा, उसात शिरतो तो बिबट्या.

तर केनियातलं मसाई मारा. सकाळी साडेसहाला वारुळावर मादी दिसली, मागे गवतात तीन पिल्लं. पाठीवर ती राखाडी केसांची झूल, अगदी गोधडी पांघरल्यासारखी. लांब थॉमसन गॅझेलचा कळप. आम्ही सहाजण कॅमेरे रोखून बसलो. तीन तासांत बाईंनी काय केलं? दोनदा जांभई दिली. एकदा पंजा चाटला. गाडीत चकल्या संपल्या.

आणि माझं म्हणणं हेच आहे, हेच तर बघायचं! पाठलाग बहुतेक वेळा मिनिटभरसुद्धा चालत नाही, साधारण निम्मे पाठलाग फुकट जातात. हाती लागलंच, तर शिकारीनंतर धापा टाकत पडायचं, तेवढ्यात तरस येऊन पळवतो. उरलेला दिवस ती बघत असते. तिचे कान बघा, मान बघा. कळपातलं कोण चरताना उशिरा डोकं वर काढतं, हे तिने हेरलेलं असतं. आपण बघत असतो कॅमेऱ्याची बॅटरी.

मग वायरलेसवर बातमी फुटली. एका जनावराजवळ फार तर पाच गाड्या, असा नियम आहे तिथे. मी तेवीस मोजल्या, आणि आमचीही त्यांतलीच, हे आधी कबूल करतो. एक गाडी चक्क आई आणि पिल्लांच्या मधे घुसली. मादी ताडकन उठली. आणि कुठून तरी बारीक, तुटक आवाज यायला लागला, पाखरासारखा. आमच्या गाडीतल्या काकूंनी विचारलं, "हा कुठला पक्षी हो?" मी पंधरा वर्षं पक्षी बघणारा! "टिटवीच असेल," म्हणालो. ड्रायव्हर स्टीअरिंगवर डोकं ठेवून हसला. "डुमा," म्हणाला, "मामा." स्वाहिलीत डुमा म्हणजे चित्ता, मामा म्हणजे आई. आई पिल्लांना हाका मारत होती.

चित्त्याला डरकाळी नाही, हे वाचलं होतं मी. पण एवढं रुबाबदार जनावर चिमणीसारखं चिवचिवतं, हे कानांना पटत नाही. तिन्ही पिल्लं गाडीला वळसा घालून आली. शिकार मात्र झाली नाही, कळप केव्हाच उधळला होता. त्या चार पोटांचं त्या दिवशी काय झालं, मला माहीत नाही. याच मारात झालेला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटक फार, तिथे एका वेतातलं सरासरी 0.2 पिल्लू मोठं होतं. जिथे कमी, तिथे 2.3. हा आकडा मी खोलीच्या भिंतीवर लावलाय, लेन्स विकत घ्यायच्या आधी वाचायला.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, धावता चित्ता.

शटर 1/2000 सेकंदापेक्षा संथ ठेवू नका, 1/3200 असेल तर उत्तम. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढला तर वाढू दे. फोकस सतत चालू राहणारा ठेवा. चौकट सैल ठेवा, शेपूट कापली जाते, आणि वळताना तोल सावरते तीच शेपूट. ट्रायपॉड घरी ठेवा, बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची पिशवी, रिकामी न्या आणि तिथे तांदूळ भरा. इंजिन बंद, गाडीत कुणी हलायचं नाही. डोकं खाली, खांदे वर, मादी पाय मोजून टाकत चालायला लागली की बोट बटणावर ठेवा. आणि एक डोळा सावजाकडे. ते पळालं की ती सुटते. गाडी जवळ घ्यायला ड्रायव्हरला सांगू नका, तो टिपेसाठी ऐकतो. बाकीचं कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत आहे.

दिवे लावा. तो शेवटचा फोटो राहू दे, माझा फार बरा नाही आलाय. काकूंनी मोबाइलवर टिपलाय, वारुळावरची जांभई. प्रश्न असतील ते चहाबरोबर घेऊ, हॉल नऊला बंद होतो म्हणतात.