पत्त्याच्या रकान्यात

(पावसाळी संध्याकाळ. उड्डाणपुलाखाली पसरलेलं निळं प्लास्टिक, त्यावर एक गाठोडं.)

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की मुंबईत हजारो माणसांची झोपायची जागा एका रात्रीत जाते. पुलाखालचा कोपरा, बंद दुकानाची पायरी, स्टेशनबाहेरचं छप्पर. या जागा ठरलेल्या असतात आणि शेजारीही ठरलेले असतात. पाणी चढलं की गाठोडं उचलायचं आणि सकाळपर्यंत भिंतीला टेकून उभं राहायचं.

बेघरांना निवारा हवा, हे देशाच्या पातळीवर ऐरणीवर आलं ते दिल्लीच्या थंडीत. जानेवारी 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लक्ष घातलं आणि पुढे निकष ठरला. शहराच्या दर एक लाख लोकवस्तीमागे 100 माणसांची सोय होईल असा एक निवारा, वर्षाचे 365 दिवस, चोवीस तास उघडा. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. मुंबई या आकड्याच्या जवळपासही पोचलेली नाही. इथं माणूस थंडीनं गारठत नाही, म्हणून त्याची निकड कुणाला जाणवत नाही, असं मला वाटतं. पावसात चार महिने ओल्या अंगानं झोपणाऱ्याच्या छातीत काय साठतं, ते रुग्णालयात गेल्यावरच दिसतं.

त्याच जनगणनेत, 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघर मोजले गेले. मुंबईत सुमारे 57 हजार भरले. पण रात्री टॉर्च घेऊन कुणी आलं की उठून बाजूला होणं, ही पदपथावरची पहिली शिकवण आहे. त्यामागे कारण आहे. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात भिकाऱ्याची व्याख्या इतकी सैल आहे, की पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि माणूस रस्त्यावर आहे, एवढ्यावरही त्याला उचलता येतं. पहिल्या वेळीच एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात. त्यामुळं महापालिकेच्या निवाऱ्याची माणसं रात्री समजवायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न एकच असतो. ‘गाडीत घालून कुठं नेणार?’

(निवाऱ्याचं दार. टेबलावर हजेरीची वही.)

या दाराला बाहेरून कडी नाही. वाटेल तेव्हा जा, वाटेल तेव्हा या. वहीत नाव, वय, मूळ गाव. गाव विचारलं की उत्तर लगेच येतं, तालुक्यासकट. पुढचा रकाना सध्याच्या पत्त्याचा. तिथं माणूस अडतो. यातले कितीतरी जण घरी पैसे पाठवतात. फोनवर आईला, बायकोला सांगतात, ‘खोलीवर आलोय.’ ती खोली कुठं आहे, हे घरच्यांनी कधी विचारू नये म्हणून गावी जायचंही टाळतात. ‘काका, इथलाच लिहितो,’ असं काळजीवाहक म्हणतो आणि निवाऱ्याचा पत्ता त्या रकान्यात टाकतो.

माझ्या मते निवाऱ्याचं खरं काम इथं सुरू होतं. गादी, चादर, पाणी, संडास हे तर हवंच. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत माणशी 50 चौरस फूट जागा सांगितली आहे आणि सामान ठेवायला कुलपाचा कप्पाही. तो कप्पा नीट पाहा. रस्त्यावर माणूस पिशवी उशाला घेऊन झोपतो आणि तीच चोरीला जाते. पिशवीबरोबर आधार कार्ड जातं. आधार नाही म्हणून बँकेत खातं नाही. खातं नाही म्हणून रोजची मजुरी खिशात, आणि खिसा पुन्हा रात्री कापला जातो.

हा फेरा तोडायला मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र आधार केंद्रावर चालतं. कधी मशिनवर बोटं टेकवल्यावर कळतं, की याचे ठसे आधीच नोंदलेले आहेत. स्वतःचं गाव सांगता न येणाऱ्या, मनानं हरवलेल्या माणसाचं घर असंही सापडलेलं आहे.

क्षयरोगाचं उदाहरण घ्या. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण ते किमान सहा महिने न चुकता घ्यावं लागतं. पोषणासाठी महिन्याला 1,000 रुपये मिळतात, ते थेट बँक खात्यात. रोज जागा बदलणाऱ्या माणसाला आरोग्य सेविका शोधणार कुठं? निवाऱ्यात तिला तो पलंगाच्या नंबरावर सापडतो. गोळी घेतली का, खोकला कमी आहे का, हे शेजारच्या पलंगावरचाही सांगतो.

(पहाटे तीन. एक माणूस बाहेर पडतो आहे. दुसरा आत येतो आहे.)

चोवीस तास दार उघडं का, ते या वेळेला समजतं. भाजी बाजारातल्या हमालाचा दिवस आता सुरू होतो. लग्नात वाढपी म्हणून गेलेला पोरगा आत्ता परततो. नाक्यावरचा मजूर सात वाजता उभा राहिला नाही तर त्याचं काम गेलं. म्हणून निवारा स्टेशन, बाजार, नाका यांच्याजवळच हवा. शहराच्या टोकाला चांगली इमारत बांधली, तरी ती रिकामी राहील.

दारूचा प्रश्न आहेच. पिऊन आलेल्याला आत घ्यायचं का, यावर वाद होतात, आणि भांडणाला कंटाळलेल्या इतरांचं म्हणणंही खोटं नाही. तरी मला वाटतं, पावसाच्या रात्री त्याला परत पाठवू नये. व्यसनमुक्ती केंद्राचं बोलणं सकाळी शुद्धीवर आल्यावर करता येतं.

गाडगेबाबांच्या दशसूत्रीत ‘बेघरांना आसरा’ आहे आणि ‘दुःखी व निराशांना हिंमत’ही आहे. दादरला कर्करोगाच्या रुग्णांसाठी त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. महाराष्ट्राला हे काम नवं नाही.

(दुपार. हॉल जवळजवळ रिकामा. दारात पोस्टमन.)

टपालानं आधार कार्डाचं पाकीट आलं आहे. पोस्टमन नाव वाचतो, हाक मारतो. दोन म्हातारे मान वर करून बघतात. ज्याचं नाव, तो कामावर गेला आहे.

‘इथंच राहतात ना?’ पोस्टमन विचारतो.

‘हो, इथंच,’ काळजीवाहक म्हणतो. ‘संध्याकाळी येतील.’