मनाला न पटणारी तैनाती: जवानाला ‘नाही’ म्हणता येतं का?

(दृश्य: पहाट. गावाबाहेरचा डांबरी रस्ता. रस्त्याच्या कडेने धावणारी पोरं.)

मराठवाड्यात भरतीची तयारी रस्त्यावर दिसते. बीड, लातूर, परभणी, नांदेड, कुठल्याही गावाबाहेर पहाटे जा, पोरं सोळाशे मीटरचा टाइम काढत असतात. मैदान, मेडिकल, लेखी, मेरिट सगळं त्यांना तोंडपाठ असतं. पण भरतीच्या फॉर्मवर सही करताना आपण नेमका कशाला होकार देतोय, हे फारसं कुणी शिकवत नाही.

त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो. जमिनीवरून, समुद्रातून किंवा हवेतून जिथे हुकूम होईल तिथे जायला तयार आहेस का? आणि जातीच्या किंवा समाजाच्या रूढी कर्तव्याच्या आड येऊ देणार नाहीस ना? पोरगा ‘हो’ म्हणतो आणि सही करतो. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम १३ प्रमाणे भरती अधिकाऱ्याने सेवेच्या अटी उमेदवाराला वाचून समजावून द्यायच्या असतात. गर्दीच्या दिवशी हे किती सावकाश होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. पण तीन महिने पगार घेतला आणि नाव हजेरीपटावर राहिलं, की कलम १५ लागतं. मग ‘भरतीच नियमाप्रमाणे झाली नव्हती’ असं म्हणून सुटका होत नाही.

ट्रेनिंग पूर्ण झालं की शपथ. संविधानाशी निष्ठा, जिथे धाडतील तिथे जाणं, आणि वरिष्ठांचा हुकूम जिवाला धोका असला तरी पाळणं. देवाचं नाव घ्यायचं नसेल तर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. विवेकाला या कायद्यात उघडपणे दिलेली जागा ती एवढीच.

आता मूळ प्रश्न. सीमेवर, बंडखोरीच्या भागात किंवा परदेशातल्या शांतिसेनेत जायचा हुकूम आला आणि जवान म्हणाला, ‘माझं मन याला तयार नाही’, तर?

भारतीय लष्करी कायद्यात या कारणासाठी वेगळा अर्ज नाही, समिती नाही, सुनावणी नाही. संविधानाच्या कलम २५ मध्ये सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य आहे. पण कलम ३३ संसदेला सैन्यदलांपुरते मूलभूत हक्क आवळायची मुभा देतं. यावर वकील मंडळी एक मुद्दा काढतात. आर्मी ॲक्टच्या कलम २१ मध्ये संघटना, सभा आणि वृत्तपत्रांना माहिती देणं एवढ्यावरच निर्बंध आहेत, विवेकाचा उल्लेखच नाही. मुद्दा बिनतोड वाटतो, पण टिकत नाही. १९८२ साली पृथी पाल सिंग बेदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की या कायद्याच्या प्रत्येक कलमाला कलम ३३ चं संरक्षण आहे, ते वेगळं लिहायची गरज नाही.

अलीकडचा निकाल २०२५ चा. एका ख्रिस्ती लेफ्टनंटने रेजिमेंटच्या धार्मिक स्थळाच्या गाभाऱ्यात जायला नकार दिला होता. त्याची बडतर्फी आधी दिल्ली उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. तिथे प्रश्न एका विधीला हजर राहण्याचा होता. त्यावरून तैनातीचं काय होईल ते समजून घ्यायला फार डोकं लागत नाही.

तरीही प्रत्येक नकाराला शिक्षा सारखी नसते. नकार कधी, कुणासमोर आणि कशा रीतीने दिला, यावर सगळं फिरतं.

(दृश्य: कंपनी ऑफिस. टेबल, हुकमाचा कागद, उभा जवान, बाजूला साक्षीदार.)

कंपनी कमांडर जवानाला समोर बोलावतो आणि तोंडी, व्यक्तिशः हुकूम देतो. सहसा साक्षीदारासमोर पुन्हा एकदा देतो, आणि तो समजला का ते विचारतो. इथे ‘जाणार नाही’ असं ठामपणे उद्धटल्यासारखं म्हटलं, तर कलम ४१ चा पहिला भाग लागतो, म्हणजे अधिकाराला जाणूनबुजून दिलेलं आव्हान. शिक्षा १४ वर्षांपर्यंत. हुकूम पाळला नाही पण आव्हान नव्हतं, तर दुसरा भाग. त्यात ‘सक्रिय सेवे’वर असताना १४ वर्षं, एरवी ५. सक्रिय सेवा म्हणजे फक्त युद्ध नव्हे. कलम ९ खाली केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरावीक जवानांना किंवा भागांना ती लागू करू शकतं. म्हणून ‘लढाई कुठे सुरू होती?’ हा बचाव करण्याआधी अधिसूचना बघावी लागते.

काही जवान तोंडावर नाही म्हणत नाहीत. रजेवर येतात आणि परत जात नाहीत. घरचे म्हणतात, रजा वाढवून घेतली. हा सगळ्यात वाईट रस्ता. नुसती रजा ओलांडली तर कलम ३९, तीन वर्षांपर्यंत. रजेवर असताना आपली तुकडी सक्रिय सेवेवर निघाल्याचं कळलं आणि ताबडतोब परतलो नाही, तर त्याच कलमात त्याची वेगळी नोंद आहे. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी रजेवरचे जवान माघारी बोलावले गेले, ते बहुतेकांना आठवत असेल. आणि हुकूम हातात पडल्यावर ती सेवा टाळायच्या हेतूने गायब झालो, तर तो कलम ३८ चा पळ. तैनाती सक्रिय सेवेवरची असेल तर तिथे शिक्षा मृत्युदंडापर्यंत लिहिलेली आहे, एरवी सात वर्षं. तीस दिवस उलटले की कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी बसते. त्याच्या आधीच युनिटचा कागद गावच्या पोलीस ठाण्यात पोचलेला असतो आणि पहिली विचारणा पोलीस पाटलाकडे होते. असा धरून आणलेला जवान नंतर ‘मला हिंसा पटत नव्हती’ म्हणतो, तेव्हा त्याच्या बाजूचा एकही कागद फाइलमध्ये नसतो.

तब्येतीचं सोंग तर अजिबात नको. कलम ४६, सात वर्षांपर्यंत. पण मन खरंच खचलं असेल, झोप उडाली असेल, हात थरथरत असेल, तर एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, सिक रिपोर्ट करणं हा हक्क आहे. लष्करी वैद्यकीय वर्गवारी ‘शेप’ म्हणतात, आणि त्यातलं पहिलं अक्षर मानसिक आरोग्याचं. मेडिकल बोर्डाने खालची कॅटेगरी दिली तर ड्यूटी बदलते. मात्र विवेक म्हणजे आजार नाही. आजाराच्या आडून तो सांगायला गेलात, तर दोन्ही गोष्टी हातच्या जातात.

खटल्यात काय होतं, तेही माहीत असावं. बऱ्याचदा समरी कोर्ट मार्शल होतं. तिथे युनिटचा कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायाधीश. आणखी दोघे हजर असतात, पण त्यांना मत नाही. आरोपीला ‘फ्रेंड ऑफ द ॲक्युज्ड’ मिळतो. तो कानात सल्ला देऊ शकतो, साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ शकत नाही. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद, खालचा असेल तर तीन महिने. खटला न चालवता कलम २० आणि आर्मी रूल्स १९५४ च्या नियम १७ खाली कारणे दाखवा नोटीस देऊनही बडतर्फ करता येतं. पंधरा वर्षांच्या नोकरीने हातात येणारं पेन्शन बडतर्फीने जातं, आणि कोरडवाहू शेतीवर टेकलेल्या घराला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

मग करायचं काय? हुकूम यायच्या आधी बोलायचं. युनिटला फील्डची, म्हणजे मोहिमेच्या भागात जायची, चाहूल लागण्याआधी कंपनी कमांडरमार्फत सीओंच्या (कमांडिंग ऑफिसरच्या) इंटरव्ह्यूची लेखी विनंती द्यायची. अर्जात ‘नकार’ हा शब्द कुठेही नको. काय करणं जड जातंय, हे कधीपासून आहे, आणि त्याऐवजी कोणतं काम करायची तयारी आहे, एवढंच लिहायचं. स्टोअर, कुकहाउस, क्लार्क, ट्रेनिंग सेंटर, काहीही. शेवटी एक ओळ: ‘उत्तर येईपर्यंत मी हुकमाप्रमाणे हजर आहे.’ पुढे खटला झाला तर आव्हानाचा आरोप याच ओळीवर अडू शकतो. तारखेसह एक प्रत स्वतःकडे ठेवायची. काम बदलून देणं सर्वस्वी अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे. अन्याय झाला असं वाटलं तर कलम २६ खाली तक्रार करता येते, पण ती चालू आहे म्हणून हुकूम थांबत नाही.

नोकरीच सोडायची असेल तर आर्मी रूल्स १९५४ चा नियम १३. स्वतःच्या विनंतीवरून डिस्चार्ज मिळू शकतो, पण सीओला तो योग्य वाटला आणि युनिटची संख्या फार घटणार नसेल तरच. तैनाती जवळ आली की दुसरी अट बहुतेक वेळा आडवी येते. अग्निवीराची गाठ अजून घट्ट. चार वर्षांच्या आत स्वतःहून बाहेर पडणं अपवादात्मक परिस्थितीतच, आणि तेव्हा सेवानिधीतला (सेवा संपल्यावर मिळणाऱ्या रकमेतला) स्वतःचा वाटा व्याजासह मिळतो, सरकारचा नाही.

मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे धावण्याआधी एक गोष्ट वाचून घ्या. २००७ च्या कायद्याने बदली आणि पोस्टिंग त्याच्या कक्षेबाहेर ठेवलंय, एकट्याची असो की अख्ख्या युनिटची. समरी कोर्ट मार्शलमध्येही बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद झाली असेल तरच तिथे दार उघडतं. उच्च न्यायालयाच्या संभाजीनगर खंडपीठात रिट याचिका करता येते, पण पोस्टिंगमध्ये न्यायालयं सहसा हात घालत नाहीत.

एक बाब मात्र साफ वेगळी आहे. कलम ४१ फक्त कायदेशीर हुकमाबद्दल बोलतं. ताब्यातल्या नि:शस्त्र माणसाला मारायचा हुकूम पाळणं बंधनकारक नाही, आणि ‘वरून सांगितलं होतं’ ही ढाल तिथे चालत नाही. २३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्साखानी बाजारात चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी नि:शस्त्र पठाणांवर गोळी झाडायला नकार दिला. इंग्रजांनी त्यांचं कोर्ट मार्शल केलं आणि चंद्रसिंहांना जन्मठेप दिली. आज आपण त्यांना मानाने आठवतो. पण तो नकार समोर दिसणाऱ्या एका कृत्याला होता. अमुक ठिकाणी जाणारच नाही, हा त्याहून वेगळा दावा आहे.

परदेशातही तो दावा सहज चालत नाही. जर्मनीच्या मूलभूत कायद्यात १९४९ पासून शस्त्र घेऊन युद्धसेवा नाकारायचा हक्क आहे. अमेरिकेत अर्ज करता येतो, पाद्री आणि मानसोपचारतज्ज्ञ मुलाखत घेतात. पण विरोध कुठल्याही युद्धाला असावा लागतो, एखाद्या ठरावीक युद्धाला नाही. इराकला जायला नकार देणाऱ्या ब्रिटिश हवाई दलाच्या डॉक्टरला २००६ मध्ये आठ महिन्यांची कैद झाली.

ट्रेनिंगमधल्या पोरांसाठी एक सांगायचं राहिलं. शपथ होण्याआधीचा रिक्रूट आणि शपथ घेतलेला जवान यांच्या डिस्चार्जची तरतूद नियम १३ मध्ये वेगवेगळी आहे. बंदूक उचलायलाच मन धजत नसेल, तर बोलायची वेळ सेंटरमधलीच.

आणि रजा आधीच उलटून गेली असेल तर? पोलीस येईपर्यंत थांबू नका. आपल्या युनिटला कळवा, जमत नसेल तर संभाजीनगरच्या छावणीत किंवा जवळच्या लष्करी ठाण्यावर स्वतः हजर व्हा, आणि हजर झाल्याची तारीख आणि वेळ नोंदवून घ्या. आरोपपत्रात ‘स्वतः हजर’ की ‘पकडला’ हे लिहिलं जातं, आणि पळून जायचा हेतू होता की नाही हे ठरवताना त्या नोंदीकडे पाहिलं जातं.