लिहायला जागा ठेवली का?

(सांगलीत विश्रामबाग इथे कला आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

बेदाण्याच्या एका पेटीपासून सुरुवात करतो. मला स्वतंत्र काम सुरू करून तीनेक वर्षं झाली होती. तासगाव भागातल्या एका व्यापाऱ्यांनी पंधरा किलोच्या पेटीचं डिझाइन माझ्याकडे दिलं. मी ते फार मन लावून केलं. गडद किरमिजी रंग, सोनेरी अक्षरं, कडेनं द्राक्षाचा वेल आणि वर चकचकीत लॅमिनेशन. डमी बघून व्यापारी खूश. प्रेसवाल्यांनी दोन पेट्या नमुना म्हणून स्वतःच्या काउंटरवर मांडल्या. पैसे वेळेवर आले. पेटीचा फोटो माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर गेला आणि माझ्या लेखी काम संपलं.

चार महिन्यांनी भलत्याच कामासाठी एका कोल्ड स्टोरेजमध्ये गेलो, तर समोर माझ्याच पेट्यांची थप्पी. मला आधी ओळखूच आली नाही. थप्पी लावली की पेटीची फक्त अरुंद बाजू बाहेर राहते, आणि मी सगळी कलाकुसर झाकणावर केली होती. आत एकच मिणमिणता दिवा. त्या उजेडात किरमिजी रंग काळा दिसत होता. प्रत्येक पेटीवर पांढऱ्या कागदाचे कपटे चिकटवलेले होते, काही निम्मे सुटून लोंबत होते. तिथल्या हमालमामांना विचारलं, हे कागद कशाला? ते म्हणाले, "साहेब, लॉट नंबर कुठं लिवायचा? हिच्यावर मार्कर बसतच न्हाई. लिवायला जागाच ठेवली न्हाई तुमी."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. थंडीतून बाहेर काढलेल्या पेटीला घाम सुटतो. ओल्या लॅमिनेशनवर हात ठरत नाही, पेटी खांद्यावरून सटकते. त्या दिवशी एक पेटी कोपऱ्यावर पडून फुटलेली होती. आत शेतकऱ्याचा वर्षभराचा माल. द्राक्ष उतरवून, द्रावणात बुडवून, शेडमधल्या जाळ्यांवर पसरून, निवडून तो बेदाणा त्या पेटीत आलेला असतो. ती फुटलेली पेटी मी अजून विसरलेलो नाही.

काम घेताना मी त्या व्यापाऱ्यांना पुष्कळ प्रश्न विचारले होते. कोणता रंग आवडतो, नाव केवढं हवं, देवाचं चित्र हवं का. ही पेटी कोण उचलणार, तिच्यावर कोण लिहिणार, ती कुठे आणि किती महिने पडून राहणार, यातला एकही प्रश्न मला सुचला नव्हता. पुढच्या लॉटला मी लॅमिनेशन काढून टाकलं. अरुंद बाजूंवर चार बोटं रुंदीची कोरी पट्टी सोडली, खाली पुठ्ठ्याचा मूळ पृष्ठभाग तसाच ठेवला आणि मालाची प्रत त्याच बाजूला ठळक छापली. छपाईचा खर्च कमी झाला. ती पेटी फोटोत विशेष दिसत नाही, पण ती मी आजही अभिमानानं दाखवतो.

तेव्हापासून माझं असं ठाम मत आहे की, काम पोहोचवल्यावर एक दुसरी फेरी असते, आणि डिझायनर म्हणून आपली जी काही वाढ होते ती मुख्यतः या फेरीत होते. आज मला बोलायचंय ते याच फेरीबद्दल.

तुम्हाला वर्गात प्रक्रियेची आकृती शिकवली असेल. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलनं २००५च्या सुमारास प्रचारात आणलेले ते दोन हिरे. आधी शोध घेऊन विषय पसरायचा, मग नेमका प्रश्न पकडायचा, पुन्हा अनेक उत्तरं करून बघायची, मग एक निवडून पूर्ण करायचं. आकृती चांगली आहे. घाईनं पहिल्याच कल्पनेला बिलगणाऱ्या माणसाला ती थांबवते, आणि आपण सगळेच पहिल्या कल्पनेला बिलगतो. पण कागदावर तिचं शेवटचं टोक जिथे संपतं, तिथे कोल्ड स्टोरेजचा दरवाजा असतो. तो कुणी सहसा काढत नाही.

याहून जुनी आणि मला जास्त भावलेली एक गोष्ट आहे. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य आपल्या सरकारच्या निमंत्रणावरून भारतात हिंडलं आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. इथे हिंडताना पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांना सगळ्यात जास्त आवडला तो लोटा. आपल्या घरातला साधा लोटा. त्याचं कौतुक करताना त्यांनी प्रश्नांची एक लांब यादी मांडली. पाणी किती आणायचं, डोक्यावर की कमरेवर की हातात, भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, तोंडातून आत हात जाऊन घासता येतो का, ओतताना धार कशी पडते, ऊन लागलं तर काय, मोडीत काढला तर किती किंमत येते. हा लोटा कुणा एकानं बसून काढलेला नाही, पिढ्यान् पिढ्या वापरणाऱ्यांच्या हातून तो घडत गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे दुसरी, तिसरी, शंभरावी फेरी. मोडीच्या किमतीपर्यंत विचार पोहोचला, हे मला फार मोठं वाटतं. आपण तर आपली पेटी रिकामी झाल्यावर तिचं काय होतं हेही विचारत नाही. (बहुतेक घरांत तिच्यात जुने कपडे नाहीतर वह्या जातात. आता मी तेही बघतो.)

यासाठी अहमदाबादपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्या मिरजेत सतारमेकर गल्लीत जाऊन एखाद्या दुकानाच्या पायरीशी तासभर बसा. विचारून बसा, कामात व्यत्यय आणू नका. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले मोठाले भोपळे टांगलेले दिसतील, लाकडाची कोरीव पानं दिसतील. पण तुम्ही बघायचं ते जिवारीचं काम. सतारीच्या, तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिच्या माथ्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार त्या उताराला कशी आणि किती टेकते, यावर तिची गुंजन करणारी आस ठरते. कारागीर कानशीचे दोन हलके हात फिरवतो, तार चढवतो, छेडतो, कान देतो. तार उतरवतो, पुन्हा एक हात. हे किती वेळा चालेल ते आधी सांगता येत नाही. मोजमापाची पट्टी तिथे उपयोगाची नसते, कानच हवा. शिवाय वाजवून वाजवून घोडीवर तारेच्या खाचा पडतात, आवाज बदलतो, आणि वाद्य जिवारीसाठी पुन्हा दुकानात येतं. त्यामुळे वाजवणाऱ्याचा हात जड आहे की हलका, त्याला आवाज खुला लागतो की बंद, हे करणाऱ्याला कळत जातं. वाद्य विकलं की नातं संपलं, असं त्या गल्लीत होत नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्यामागे ही पिढ्यान् पिढ्यांची ये-जा आहे असं मी मानतो.

या परंपरेची सुरुवातही तुमच्या कामाची आहे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी मिरजेत हे काम सुरू केलं. त्यांचं घराणं शिकलगारांचं, तलवारी-हत्यारांना धार लावणारं. हत्यारांचे दिवस सरले. पण घासण्याचा, धार पारखण्याचा तो बारीक हात होताच; तो वाद्यांकडे वळला. सॉफ्टवेअर बदललं की घाबरणाऱ्या मुलांना मी हे नेहमी सांगतो. कोरल शिकून झालं आणि आता दुसरंच काही चालतं, म्हणून रात्र रात्र झोप नसलेली मुलं माझ्याकडे येतात. बाळांनो, तुमचा हात कशात तयार झालाय ते आधी बघा.

किर्लोस्करवाडी इथून फार लांब नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत, असं तिथे लक्षात आलं. चित्रकला सुटली, पण रेघ सुटली नाही. ते यांत्रिक आरेखन शिकले आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. नंतर बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, तरी खपेना. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, असं शेतकऱ्यांना वाटत होतं. पहिला नांगर विकायलाच दोन वर्षं गेली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ आणि १०,००० रुपयांचं कर्ज दिलं. १९१० साली तिथे कारखाना उभा राहिला.

या गोष्टीतली दोन वर्षं मला महत्त्वाची वाटतात. आपलं काम लोकांनी घेतलं नाही की आपण म्हणतो, लोकांना कळत नाही. मीही म्हटलेलं आहे. पण जो शेतकरी जमिनीत विष उतरेल म्हणून घाबरतो, तो काही अडाणीपणानं बोलत नसतो. एक हंगाम बुडाला तर त्याचं घर बुडतं, ते त्याच्या बोलण्यात असतं. ती भीती ऐकून घेणं हाही डिझाइनचाच भाग आहे. भीती कमी झाल्याशिवाय नांगराचा फाळ जमिनीत जात नाही.

आता तुमच्या रोजच्या कामाचं थोडं बोलतो. पहिली सवय प्रश्नाची. काम दाखवताना "आवडलं का?" हा प्रश्न सोडून द्या. आपल्याकडे माणसं भिडस्त असतात, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून "छान आहे" म्हणतात आणि तुम्ही रिकाम्या हातानं परत येता. त्याऐवजी त्यांच्या हातात वस्तू द्या आणि त्यांना काम करू द्या. लेबल असेल तर त्यातून भाव शोधायला सांगा, फॉर्म असेल तर भरायला द्या. तुम्ही गप्प बसा. बोट कुठे थबकतं, चष्मा कधी वर होतो, मधेच मुलाला हाक मारून "हे जरा वाच बघ" कुठे म्हणतात, ते टिपून घ्या.

दुसरी सवय वहीची. मी एक वही ठेवतो, तिच्यात फक्त कारणं लिहितो. हा निळा का, हे अक्षर इतकं मोठं का, ही ओळ का काढली. सहा महिन्यांनी वापराच्या जागी जाऊन त्याच पानावर समोर लिहितो, काय खरं ठरलं आणि काय नाही. माझ्या पहिल्या वहीत चुकलेल्या कारणांचीच भरती आहे. पण वरिष्ठ डिझायनर आणि नवखा डिझायनर यांच्यातला फरक मला तिथे दिसला. चित्र दोघंही सारखंच चांगलं काढतात, कधी कधी नवखा जास्त चांगलं काढतो. वरिष्ठाला आपलं कारण आधी सांगता येतं आणि ते चुकलं तर तसं म्हणताही येतं. नोकरीसाठी काम दाखवायला जाल तेव्हा पूर्ण झालेल्या वीस चित्रांपेक्षा तीनच कामं न्या, आणि त्यांतलं टाकून दिलेलं, बदललेलं सगळं दाखवा. मी माणसं घेताना तेच बघतो.

तिसरं पैशाचं. दुसऱ्या फेरीचे पैसे कोण देणार, हा प्रश्न रास्त आहे. सांगलीत काम करताना तर जास्तच, कारण इथे अजून बरेच जण डिझाइनला प्रिंटिंगसोबत फुकट मिळणारी गोष्ट समजतात. मी कोटेशनमध्ये एक वेगळी ओळ घालतो, "वापर पाहणी, दोन भेटी". सुरुवातीला तीन गिऱ्हाइकांकडे ती फुकट केली. त्यांतल्या दोघांनी पुढच्या वेळी आपणहून ती ओळ ठेवायला सांगितली. जे ती खोडतात त्यांचंही काम मी करतो, पण दर कमी करत नाही. तुम्हीही करू नका.

शेवटी एका मुलीच्या कामाबद्दल सांगतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, ते दिवस इथल्या प्रत्येकाला आठवत असतील. माझ्याकडे तेव्हा काम शिकणारी एक मुलगी दत्तनगर भागातली. पाणी ओसरल्यावर तिनं ठरवलं, आपल्या गल्लीसाठी पुराचा तक्ता करायचा. पहिला तक्ता म्हणजे सुंदर रंगीत नकाशा होता. तिच्या आजीला तो वाचता येईना. शेजाऱ्यांनाही नाही. पुराच्या दिवसांत सांगलीत नकाशातून कुणी बोलत नाही. आपण बोलतो फुटांत. "आयर्विनला किती झालं?" चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. मग तिनं नकाशा टाकला आणि उभी पट्टी केली, फूटपट्टीसारखी. प्रत्येक आकड्यासमोर आपल्या गल्लीत पाणी कुणाच्या पायरीला लागतं आणि तेव्हा घरात काय करायचं. कागदपत्रं वर न्यायची, जनावरं हलवायची, म्हाताऱ्या माणसांना आधी काढायचं. आकडे तिनं स्वतःच्या मनानं घातले नाहीत. घराघरांत जाऊन भिंतीवरच्या खुणा बघितल्या, बायामाणसांना विचारलं.

२०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाणी उतरल्यावर ती तिची दुसरी फेरी करायला गेली. तक्ते मीटरच्या पेटीशेजारी लावलेले होते. रात्री वीज गेल्यावर ते कुणालाच दिसले नव्हते. तरी अनेकांनी सांगितलं, तक्त्याचा उपयोग झाला. कसा? घरच्यांनी त्याचा फोटो काढून पुण्या-मुंबईतल्या मुलांना आधीच पाठवला होता. बातम्यांत फूट वाढले की तिकडून मुलगा फोटो बघून फोन करायचा, "आई, आता निघ, पाणी आपल्या पायरीला येणार." तक्ता केला होता घरात राहणाऱ्यांसाठी, वाचत होता दोनशे किलोमीटरवरचा मुलगा. घरी बसून हे तिला सुचलं नसतं, मलाही नाही.

आता तिनं तो फोनच्या उभ्या पडद्यावर बसेल असा परत काढलाय. आकडे मोठे आहेत, आणि तळाशी शेजाऱ्यांच्या फोन नंबरसाठी एक कोरी चौकट आहे. लिहायला जागा ठेवली आहे तिनं.

उद्या सकाळी सात वाजता मी बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजवर जाणार आहे, नव्या पेटीची पाहणी आहे. मालकांची परवानगी घेतली आहे, सहा-सात जण चालतील. यायचं असेल त्यांनी आत्ता नाव द्या. वही आणा, मार्कर आणा, आणि स्वेटर नक्की आणा, आत फार गारठा असतो.