खाडीतली होडी आणि जिवंत मासळीची टाकी

श्रोतेहो, नमस्कार. ठाण्यापासून ऐरोली, वाशी, सारसोळे आणि दिवाळ्यापर्यंत ठाणे खाडीच्या काठाने जे बांधव लहान होडीतून गळ किंवा पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकून मासेमारी करतात, त्यांच्याशी आज मला एकाच विषयावर बोलायचे आहे. पकडलेला मासा धक्क्यावर उतरेपर्यंत जिवंत आणि धडधाकट कसा ठेवायचा, हा तो विषय. जिताडा किंवा तांब जिवंत उतरला तर त्याला मिळणारा भाव निराळा असतो, आणि जाळ्यात आलेले लहान पिल्लू तगडे असतानाच परत पाण्यात सोडता येते. त्यासाठी होडीत पिंप किंवा फायबरची टाकी ठेवतात, त्यात खाडीचे पाणी भरतात आणि मासे सोडतात. पण थोड्याच वेळात मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात आणि मग एकेक उलटा होतो. दोष टाकीला दिला जातो. खरा प्रश्न टाकीतल्या पाण्याचा असतो.

थोडा हिशेब करून पाहू. एक लिटर हवेत प्राणवायू अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक असतो. तीस अंश तापमानाच्या खाऱ्या पाण्यात मात्र तो, पाणी अगदी चांगले असले तरी, लिटरला सुमारे ६.२ मिलिग्रॅमच विरघळतो. हे प्रमाण ३ मिलिग्रॅमच्या आसपास आले की बहुतेक मासे घुसमटू लागतात. म्हणजे शंभर लिटरच्या टाकीत माशांच्या उपयोगी पडणारा साठा जेमतेम ३०० मिलिग्रॅमचा. गळाला झुंज देऊन दमलेला मासा किलोमागे तासाला ३०० मिलिग्रॅम प्राणवायू ओढतो असे धरले, तर पाच किलो मासळीला तासाला १,५०० मिलिग्रॅम लागतात, आणि नुसत्या भरून ठेवलेल्या टाकीतला साठा बारा मिनिटांत संपतो. टाकीतले सगळे पाणी दर दहा मिनिटांनी बदलले जावे, असा जो नियम सांगितला जातो, त्याचे मूळ या हिशेबात आहे. शंभर लिटरच्या टाकीसाठी तासाला ६०० लिटर पाणी पुरते, आणि बाजारात मिळणारा १२ व्होल्टचा लहान बिल्ज पंपसुद्धा (होडीच्या तळातले पाणी उपसणारा) त्याहून बरेच अधिक पाणी उपसतो.

आता आपल्या खाडीकडे येऊ. वरचा हिशेब तेव्हाच खरा ठरतो, जेव्हा बाहेरून आत येणाऱ्या पाण्यात प्राणवायू भरपूर असतो. ठाणे खाडीत तो दिवसभर सारखा नसतो. भरतीला मुंबई बंदराकडून समुद्राचे पाणी आत शिरते तेव्हा पाणी त्या मानाने बरे असते. सुकतीला, म्हणजे ओहोटीला मात्र, विशेषतः ठाण्याकडच्या अरुंद आणि उथळ भागात, नाल्यांचे सांडपाणी आणि कारखान्यांचा निचरा यांचाच वाटा वाढतो, आणि त्यातली घाण कुजताना प्राणवायू खाऊन टाकते. हीच खाडी रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून २०१५ मध्ये घोषित झाली आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, याचा मला अभिमान आहे. पण म्हणून नाल्याच्या तोंडाशी उभी असलेली होडी चांगले पाणी ओढत असेल, असे मानता येत नाही. आत येणाऱ्या पाण्यातच प्राणवायू ३ मिलिग्रॅम असेल, तर पंप कितीही जोरात चालवला तरी माशांच्या पदरात काही पडत नाही, उलट गाळ मात्र त्यांच्या कल्ल्यांत जाऊन बसतो.

म्हणून माझा आग्रह असा आहे की आपल्या खाडीतल्या होडीची टाकी दोन्ही तऱ्हांनी चालली पाहिजे. एक पंप बाहेरचे पाणी आत घेईल. त्याच्या नळाला झडप असेल आणि तोंडाला बाहेरून काढून धुता येईल अशी चाळणी असेल, कारण प्लास्टिकच्या चिंध्या आणि तिवरांची पाने पहिल्याच फेरीत तिथे अडकतात. दुसरा लहान पंप टाकीच्या आतच राहील. तो टाकीतलेच पाणी उचलून वरच्या भोकांच्या नळीतून फवाऱ्यासारखे परत सोडेल, आणि सोबत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप सच्छिद्र दगडातून बारीक बुडबुडे सोडत राहील. भरतीच्या पाण्यात, नाल्यांपासून दूर, झडप उघडी ठेवावी. पाण्याचा रंग काळवंडला, वास आला किंवा सुकती लागली की झडप बंद करावी आणि आतलेच पाणी हवेशी घोळत ठेवावे. बाहेरची हवा कशीही असली तरी तिच्यात एकवीस टक्के प्राणवायू असतोच, हा या दुसऱ्या तऱ्हेचा आधार आहे. पावसाळ्यातही झडप जपून उघडावी लागते, कारण तेव्हा गोड्या पाण्याचा थर वर तरंगतो आणि वरवरचे पाणी ओढले तर माशाला खारटपणाचा एकदम झटका बसतो. जिताडा तो सोसतो. सगळे मासे सोसत नाहीत.

पाण्यातला प्राणवायू मोजणारा मीटर महाग असतो, म्हणून तो प्रत्येक होडीत असावा असे मी म्हणणार नाही; पण मच्छीमार सहकारी संस्थेने एक मीटर घेतला आणि आपल्या नेहमीच्या जागांवर भरती-सुकतीला मोजमाप करून ठेवले, तर झडप कुठे उघडायची हे सगळ्यांनाच अंदाजापेक्षा अधिक नेमके कळेल.

टाकीच्या बांधणीत कोपरे गोलसर हवेत. चौकोनी टाकीत मासा कोपऱ्यात नाक खुपसून राहतो, त्याचे तोंड आणि खवले सोलवटतात आणि त्या जखमेतून पुढे रोग शिरतो. आत येणारे पाणी भिंतीला लागून तिरपे सोडले तर टाकीत सावकाश फेर धरला जातो, आणि मासे प्रवाहाकडे तोंड करून शांत उभे राहतात. जास्तीचे पाणी काठाजवळच्या भोकातून बाहेर पडावे, म्हणजे माशांच्या अंगावरचा चिकट स्राव फेस होऊन वरचेवर निघून जातो. झाकण हवेच, कारण बोय उडी मारून बाहेर पडते. पण झाकण घट्ट असेल तर श्वासातून निघालेला कार्बन डायऑक्साइड आतच कोंडतो, म्हणून त्याला जाळीची खिडकी ठेवावी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी होडीबरोबर हेलकावे खात तिचा तोल बिघडवते; त्यामुळे टाकी होडीच्या मध्यावर, शक्य तितकी खाली आणि काठोकाठ भरलेली असावी. एक गोष्ट मी कळकळीने सांगतो: औद्योगिक पट्ट्यातून भंगारात आलेली निळी पिंपे स्वस्त मिळतात, पण त्यांत पूर्वी कोणते रसायन होते हे कोणी सांगू शकत नाही, आणि कितीही धुतले तरी प्लास्टिकमध्ये मुरलेले निघत नाही. खाण्याच्या पदार्थांसाठी बनवलेले नवे पिंपच घ्यावे.

एप्रिल-मे महिन्यांत उन्हातली टाकी तापते. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाची प्राणवायूची भूक मात्र वाढते. पांढरे झाकण आणि भिंतींना थर्मोकोलचे अस्तर एवढ्याने बराच फरक पडतो. बर्फ वापरायचा तर तो बंद बाटलीत गोठवून टाकीत ठेवावा. नळाच्या पाण्याचा बर्फ थेट विरघळला तर त्यातल्या क्लोरीनने कल्ले भाजतात. तीन-चार अंश उतरवणे पुरे आहे, तेही सावकाश, कारण आपले मासे उष्ण पाण्यातले आहेत.

चिंबोरी या टाकीत टाकू नये. ओल्या गोणपाटात, सावलीत, नांग्या बांधून ठेवलेली चिंबोरी हवेतच चांगली टिकते आणि कोंडलेल्या पाण्यात गुदमरते. शिंगाळ्याचे काटे दुसऱ्या माशांना फाडतात, म्हणून त्याला वेगळी बादली. मासा टाकीत सोडताना हात ओले असावेत आणि गाठी नसलेली जाळी वापरावी.

शेवटचा टप्पा धक्क्याजवळचा, आणि कष्टाने जगवलेली मासळी पुष्कळदा तिथेच जाते. सुकतीला धक्क्यासमोर नुसता चिखल उरतो, होडीला पाणी चढेपर्यंत थांबावे लागते, आणि त्या वेळी बाहेरचा पंप चालू राहिला तर तो गाळच आत ओततो. तिथे पोहोचण्याआधी, खोल पाण्यात असतानाच टाकी ताज्या पाण्याने भरून झडप बंद करावी आणि उरलेला वेळ आतल्या फवाऱ्यावर काढावा. अडीच अँपिअर घेणारा पंप ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर, ती अर्ध्याहून खाली न उतरवता, आठ तास चालतो. इंजिन सुरू करण्याची बॅटरी मात्र वेगळीच ठेवावी. मासे उतरवताना धक्क्यावरच्या टपात आधी टाकीतलेच पाणी ओतावे आणि मगच मासे सोडावेत.