खाड्याची वही आणि आरोग्याची विषमता

(सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून या परिसराचे नाव वैद्यकीय सेवेसाठी घेतले जाते आणि कर्नाटकातूनही रुग्ण येथे येतात. याच जिल्ह्यात, वाळवा-पलूसच्या ऊसपट्ट्यात, दर हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या येऊन तळ टाकतात. इतके दवाखाने हाताशी असताना त्या तळावरच्या बाया दुखणे अंगावर का काढतात, हा माझ्या आजच्या मांडणीचा प्रश्न आहे.

काही हंगामांपूर्वी एका मुकादमाची वही मला पाहायला मिळाली. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे हिशेब नवऱ्याच्या नावावर. एका पानावर सलग तीन खाडे होते आणि प्रत्येक खाड्यापोटी पाचशे रुपये वजा केलेले होते. चौकशी केल्यावर कळले, की आजारी होती ती बायको. तिला ताप होता आणि ओटीपोटात दुखत होते. त्या वहीत तिचे नावही नव्हते. सरकारी दवाखाना जवळच होता आणि तपासणी मोफत होती, परंतु तिथे जाण्याची खरी फी त्या पानावर लिहिलेली होती.

अशा गुंत्याकडे पाहण्याची शिस्त प्रणालीविज्ञान देते. 1950 च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जे फॉरेस्टर यांनी कारखान्यांतील मालसाठा आणि कामगारभरती यांमधील चढउतार समजून घेताना तिचा पाया घातला. परिणाम फिरून कारणापाशी येतो आणि त्याला बळ देतो, हे तिचे मूळ सूत्र. तळावर ते असे दिसते: मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाआधीच आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडायची म्हणून खाडा परवडत नाही; खाडा नको म्हणून आजार अंगावर काढला जातो; न्हाणी नाही, शौचालय नाही, त्यामुळे जंतुसंसर्ग बळावतो; गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळतो; त्या शस्त्रक्रियेसाठी कर्ज होते आणि पुढच्या हंगामाची उचल आणखी वाढते. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची माहिती तपासली, तेव्हा त्यांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हा आकडा वाचून माझ्यातला डॉक्टर खजील होतो.

यावर शस्त्रक्रियांना परवानगीची अट घालणे आवश्यकच होते. तथापि तेवढ्याने चक्र थांबत नाही. दुखणे, खाडा आणि उचल जागच्या जागी राहतात. डोनेला मेडोज या अभ्यासिकेने दाखवून दिले, की व्यवस्थेतील आकडे थोडेफार कमीजास्त करण्यापेक्षा तिचे नियम बदलणे कितीतरी अधिक परिणामकारक असते. तळावर फिरता दवाखाना आठवड्यातून एकाऐवजी दोनदा पाठवणे हा आकड्यातला बदल झाला. आजारपणाचा आणि बाळंतपणाचा खाडा कापायचा नाही, हा नियमातला बदल आहे, आणि तो आरोग्य खात्याच्या अखत्यारीत येतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने 2008 मध्ये हेच व्यापक पातळीवर मांडले होते: माणसे कुठे जन्मतात, कशी राहतात, कसले काम करतात, यातून आरोग्याची विषमता घडते, म्हणून तिचे उत्तरही सर्व खात्यांच्या धोरणांत शोधावे लागते. आपल्याकडे बैठकीला कोण हवे, हे त्यावरून ठरते. साखर सहसंचालक, कामगार खाते, तळासाठी पाणी आणि शौचालये पुरवू शकणारी जिल्हा परिषद, गरोदर बाईची नोंद गावच्या अंगणवाडीतून इथल्या अंगणवाडीत आणणारे महिला व बालविकास खाते आणि अर्थातच कारखाना. मुलांच्या शाळेचा प्रश्न तर एका स्वतंत्र व्याख्यानाचा आहे, कारण आज सुटलेल्या शाळेचा परिणाम वीस वर्षांनी नव्या कोयत्याच्या रूपाने तळावर येतो.

ही बैठक कधी व्हावी, हेही महत्त्वाचे आहे. आरोग्य पथके डिसेंबरात तळावर पोहोचतात, पण तोवर उचल वाटून झालेली असते आणि अटी ठरून गेलेल्या असतात. मुकादमांशी करार होतात ते पावसाळ्यात. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची खुर्ची जुलैमध्ये, त्या कराराच्या टेबलाशी असली पाहिजे, आणि खाड्याचे कलम लिहिले जाताना त्यांचे म्हणणे त्या कागदावर उतरले पाहिजे.